भागीबाईंची न पडलेली आठी

"मावशी, हातातलं ठेवा आणि उठा. तुम्ही लाल झालात," सुपरवायझर चैताली मॅडम म्हणाल्या.

भागीबाई भोये यांनी हातातलं ठेवलं नाही. त्यांनी आधी स्वतःच्या अ‍ॅप्रनवर नजर फिरवली, मग बाह्यांवर. कुठं काही सांडलेलं नव्हतं.

"कुठं लाल?"

"इथं नाही हो. माझ्या केबिनमधल्या स्क्रीनवर. तुमचा तणाव फार वाढलाय."

"माझा?" भागीबाईंनी वायर खाचेत बसवली, वरून टेपचे वेढे मारले आणि मगच मान वर केली. "मला काय धाड भरलीय? सकाळी भाकर खाल्ली, रिक्षात बसायला जागा भेटली, आता गुमान काम करतेय."

"तुम्हाला जाणवत नाही, पण आतून असतो. कॅमेऱ्याला दिसतो."

"माझ्या आतलं त्याला दिसतं आन् मला नाय?"

कारखान्यात उत्तर नसलं की नियम पुढं करतात, आणि नियम असा होता की लाल झालेल्या बाईनं ताबडतोब शांती कक्षात जाऊन दहा मिनिटं बसायचं.

सातपूरच्या त्या कारखान्यात मोटारींच्या पोटात जाणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधत. मधून पट्टा सरकायचा, पट्ट्यावर खाचा असलेल्या पाट्या, आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बाया आपापली वायर बसवून टेप गुंडाळायच्या. दिवाळीनंतर मालाची मागणी वाढली तसा पट्ट्याचा वेगही वाढला. बाया कुरकुरल्या. पाठी दुखतात, पाणी प्यायला फुरसत मिळत नाही, पट्टा जरा हळू करा, म्हणाल्या. मॅनेजर आहेर साहेब तसे भले गृहस्थ. त्यांनी तक्रार फारच मनावर घेतली, आणि पट्टा होता तसाच ठेवून छताला कॅमेरे बसवले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हे असं.

त्याच सकाळी चालू झालेले हे कॅमेरे चोर पकडणारे नव्हते. माणसाच्या कातडीचा रंग क्षणाक्षणाला किंचित बदलतो, तो आपल्याला दिसत नाही, पण कॅमेरा त्यावरून नाडी ओळखतो. शिवाय तो पापण्यांची उघडझाप बघतो आणि कपाळावरच्या आठ्या मोजतो. या सगळ्याची बेरीज होऊन स्क्रीनवर प्रत्येक चेहऱ्याभोवती एक चौकोन उमटतो. शांत माणसाला हिरवा, वैतागलेल्याला पिवळा आणि हाताबाहेर गेलेल्याला लाल. निदान आहेर साहेबांना तसं सांगण्यात आलं होतं, आणि साहेबांनी तेच सगळ्यांना सांगितलं होतं.

भागीबाईंना एरवी चौकोनाचं काही वाटलं नसतं. पण त्यांची लाइन लीडर सुशीलाताई नुकतीच काम सोडून पुण्याला मुलाकडं गेली होती, आणि तिची पिवळी टोपी चैताली मॅडमच्या टेबलावर पडून होती. बाकी सगळ्या बायांच्या टोप्या निळ्या, लीडरची पिवळी. भागीबाई लाइनवर सगळ्यात जुन्या. हरसूलकडून आधी द्राक्षबागांत मजुरीला आल्या, मग इथं चिकटल्या. डोंगराकडच्या एकाही बाईच्या डोक्यावर आजवर ती टोपी चढली नव्हती. "मला ती टोपी पायजे. त्यात लाजायचं काय?" असं त्या उघड म्हणत, आणि लाइनीतल्या सगळ्यांनी मनातल्या मनात ती त्यांच्या डोक्यावर केव्हाच घालून टाकली होती.

फक्त आहेर साहेबांनी नवा फाटा फोडला. येत्या शुक्रवारी गाड्यांच्या कंपनीच्या मोहिनी सोनवणे मॅडम कॅमेरे बघायला येणार होत्या. त्यांच्यासमोर नवी लीडर जाहीर करायची, आणि ती हिरवीच असली पाहिजे. लाल लीडर दाखवली तर कारखान्याची अब्रू ती काय राहिली!

शांती कक्ष म्हणजे पूर्वीची मोडक्या खुर्च्यांची खोली. आता तिथं एसी होता, मऊ सोफा होता, लिंबू सरबताचा जग होता आणि स्पीकरमधून झुळझुळत्या पाण्याचा आवाज येत होता. चैताली मॅडम थोड्या वेळानं डोकावल्या तेव्हा सोफा रिकामा होता आणि भागीबाई गुडघ्यांवर बसून सोफ्याच्या मागं वाकल्या होत्या.

"मावशी, काय शोधताय?"

"कुठंतरी नळ चालू ऱ्हायलाय. केवढं पाणी वाया चाललंय, कुणाला काय हाय का त्याचं!"

"अहो, ते रेकॉर्डिंग आहे. झऱ्याचा आवाज. मन शांत व्हावं म्हणून लावलाय."

भागीबाई उठून बसल्या. "आमच्याकडं उन्हाळ्यात हंडा घेऊन डोंगर उतरावा लागतो पाण्यासाठी. ह्यो असला आवाज ऐकून माझं मन शांत होईल का तुमचं?"

शांती कक्षातही कॅमेरा होता. त्यात भागीबाई लालच दिसत होत्या, म्हणून नियमाप्रमाणं त्यांना आणखी दहा मिनिटं शांत करण्यात आलं.

त्या शांत होत होत्या, पण पट्टा काही शांती कक्षात गेला नव्हता. भागीबाईंच्या वाटणीच्या वायरी शेजारच्या संजनाला बसवाव्या लागल्या. दोन बायांचं काम एकीनं करायचं म्हटल्यावर संजना आधी पिवळी झाली, मग लाल, आणि ही लाली अगदी अस्सल होती. तिलाही आत नेण्यात आलं. मग तिचं, भागीबाईंचं आणि स्वतःचं असं तिघींचं काम सविताच्या गळ्यात पडलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोफ्यावर तिघी बसल्या होत्या आणि पट्ट्याच्या त्या टोकाला अर्धवट जुड्यांचा ढीग लागला होता.

"हे भागीबाईंपासून सुरू झालं," आहेर साहेब म्हणाले. "तणाव संसर्गजन्य असतो. मी वाचलंय."

दुसऱ्या दिवशी जो तो भागीबाईंवर उपाय करायला धावला. चैताली मॅडमनी सांगितलं, दीर्घ श्वास घ्या. भागीबाईंनी घेतला, आणि सोडा असं कुणी म्हटलं नाही म्हणून धरून ठेवला. स्क्रीनवर त्यांच्या लाल चौकोनाबरोबर धोक्याची घंटाही वाजायला लागली. मग लाइनीतली हर्षाली म्हणाली, नुसतं हसत राहा.

"कुणाकडं बघून?"

"कुणाकडं नाही. असंच."

"वायरीकडं बघून हसू? येडी म्हणतील मला."

तरी त्या हसल्या. बराच वेळ हसल्या. हर्षालीनं चेहरा न्याहाळला आणि मान हलवली.

"राहू द्या, मावशी. तुम्ही हसताना समोर बिबट्या आल्यासारखं वाटतं."

बुधवारी कॅमेऱ्याच्या कंपनीतून अश्विन नावाचा इंजिनियर आला. स्वभावानं गरीब, पण लॅपटॉपवर भलताच विश्वास असलेला. त्यानं भागीबाईंचा चेहरा स्क्रीनभर मोठा केला आणि चकित झाला.

"मॅडम, यांची नाडी बघा. झोपलेल्या माणसाची असते तशी. श्वास उत्तम, पापण्या उत्तम. पण आठी! जेवताना आठी, हसताना आठी. काल सोफ्यावर यांचा डोळा लागला होता, तेव्हापण आठी. झोपेत एवढी आठी घालणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही."

चैताली मॅडम स्क्रीनवर वाकल्या. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या हिरवट रेघा होत्या आणि त्यांच्या वर टिंबं.

"अहो, ही आठी नाही! गोंदण आहे ते!"

अश्विन चष्मा काढून पुसत राहिला. मशीनला शिकवताना त्यांनी हजारो चेहरे दाखवले होते, पण त्यातल्या एकाच्याही कपाळावर गोंदण नव्हतं. मशीनच्या मते भुवयांमधली उभी रेघ म्हणजे आठी, आणि आठी म्हणजे तणाव. भागीबाई लहानपणापासून अखंड तणावात होत्या.

"मग दुरुस्त करा ना," चैताली मॅडम म्हणाल्या.

"करू. पण हेड ऑफिसला कळवावं लागेल. पुढच्या आठवड्याच्या आत होत नाही."

"शुक्रवार तर परवा आहे!"

आहेर साहेबांनी क्षणात तोड काढली. मशीन दुरुस्त होत नाही ना, मग कपाळ दुरुस्त करा.

संध्याकाळी चैताली मॅडम एक छोटी बाटली आणि आरसा घेऊन भागीबाईंपाशी आल्या. बाटलीत गोरटेला रंग होता, लग्नात नवरीला थापतात तो.

"मावशी, शुक्रवारपुरतं जरासं लावू. मोहिनी मॅडम गेल्या की धुऊन टाका. गोंदण झाकलं की तुम्ही हिरव्यागार, आणि टोपी तुमची."

भागीबाईंनी आरशात पाहिलं. त्यांना टोपी पाहिजे होती. खोटं कशाला बोला, फार पाहिजे होती. पोरगा अमित शाळेत असल्यापासून त्याला त्या सांगत आल्या होत्या की एक दिवस तुझी आई पिवळी टोपी घालून घरी येईल. त्यांनी बाटली हातात घेतली, झाकण उघडलं, वास घेतला आणि परत लावलं.

"हरसूलच्या बाजारात आईनं मला मांडीवर दाबून धरलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी ही अशी बोंबलत व्हते. आई म्हनली, रडू नको, दागिने हितंच ऱ्हातात, गोंदण तेवढं संगं येतं. जे मेल्यावरपण माझ्याजवळून जाणार नाय, ते मी आहेर साहेबासाठी झाकू? चूक मशिनीची आन् रंगवायचं तोंड माझं?"

"मावशी, टोपी जाईल हो."

"जाऊ दे. आधी कपाळ, मग टोपी. उलटं कधी ऐकलंय का?"

चैताली मॅडमनी बाटली पर्समध्ये टाकली. त्यांच्या आजीच्या, सुमनबाईंच्या हातावरही गोंदण होतं, आणि शाळेच्या कार्यक्रमाला येताना आजीनं पूर्ण बाह्यांचं पोलकं घालावं असा हट्ट चैतालीनं धरला होता. हे त्यांना नेमकं आत्ताच आठवायचं काही कारण नव्हतं, पण आठवलं, आणि त्या निघून गेल्या.

इकडे हर्षालीच्या कानावर यातलं निम्मंच पडलं होतं. त्या निम्म्याचा तिनं स्वतःपुरता अर्थ लावला, आणि गुरुवारी सकाळपर्यंत तो अख्ख्या लाइनीला समजावून सांगितला. कपाळावर दोन रेघा असल्या की कॅमेरा लाल होतो. लाल झालं की एसी, सोफा आणि सरबत. यात न समजण्यासारखं काय होतं?

तिनं स्वतः काजळाच्या पेन्सिलीनं दोन रेघा ओढल्या आणि पट्ट्याशी उभी राहिली. तिला घाम पुसायचाही वेळ मिळाला नाही, चैताली मॅडम न्यायला आल्या. हर्षाली सरबत पिऊन, पाय पसरून, केस नीट करून परत आली तेव्हा तिच्या पेन्सिलीला लाइनीत मोठी मागणी आली. सविता रेघा काढून गेली. मग पलीकडच्या बाजूच्या दोघी गेल्या. मागं उरलेल्यांवर कामाचा डोंगर कोसळला, त्यामुळं त्या पेन्सिलीशिवायच लाल व्हायला लागल्या. दुपारपर्यंत शांती कक्षात सोफ्यावर, सोफ्याच्या हातांवर आणि खाली फरशीवर बाया होत्या, आणि गप्पांच्या गदारोळात झऱ्याचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता. कँटीनच्या लताबाई दारात येऊन सांगून गेल्या की लिंबं संपली, आता शांत व्हायचं तर कोकम सरबतावर व्हा.

भागीबाईंना हा प्रकार कळला तेव्हा त्या कडाडल्या. "माझ्या आईच्या गोंदणाचं सरबत केलं व्हय गं तुम्ही!"

"रागावू नका, मावशी," हर्षाली म्हणाली. "दिवाळीपासून घसा फोडून सांगतोय, पट्टा हळू करा. कुणी ऐकलं? तोंडानं सांगून मिळालं नाही ते दोन रेघांनी मिळतंय. आम्ही तरी काय करणार?"

भागीबाईंनी हर्षालीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडं वळवलं.

"निदान नीट तरी काढायचं. रेघ सरळ नको? आन् टिंबं कुठंयत? आण ती पेन्शील इकडं."

आहेर साहेब त्या दिवशी लाइनीवरून तीनदा धावत गेले. बायांच्या कपाळावर काय आहे, हे त्यांच्या एकदाही लक्षात आलं नाही. तेवढी मान वर करून बाईकडं बघणारा मॅनेजर अजून व्हायचा आहे. चैताली मॅडमच्या मात्र सकाळीच लक्षात आलं होतं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, उलट कोकम सरबताचा जग स्वतः भरून आणला.

सुट्टीच्या वेळी साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. "उद्या मोहिनी मॅडम येताहेत. उद्या कुणीही लाल व्हायचं नाही. शांती कक्ष बंद. जी लाल होईल तिची गय केली जाणार नाही. सगळ्यांनी शांत राहायचं! समजलं का?"

हे शेवटचं वाक्य ते इतक्या मोठ्यानं ओरडले की केबिनमधल्या स्क्रीनवर त्यांचाच चौकोन लाल होऊन लुकलुकायला लागला.

शुक्रवारी सकाळी बाया कपडे बदलायच्या खोलीत जमल्या. सरबत बंद होतं, दम भरलेला होता, म्हणजे पेन्सिलीचं काम संपलं होतं. भागीबाई कोपऱ्यात आपली निळी टोपी झटकत होत्या. आज पिवळी टोपी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाणार हे त्यांना माहीत होतं. त्या रडत नव्हत्या, पण हातातली टोपी त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ झटकली. हर्षालीनं ते पाहिलं आणि पर्समधून पेन्सिल काढली.

"आता कशाला?" भागीबाई म्हणाल्या. "आज सरबत नाय."

"आज सरबतासाठी नाहीच. तुम्ही लाल तर आम्ही पण लाल. बघू कुणाकुणाची गय करत नाहीत ते." आणि तिनं कपाळ पुढं केलं. "काढा. टिंबांसकट."

मोहिनी सोनवणे मॅडम आल्या. पट्ट्याशेजारी मोठा टीव्ही मांडला होता. आहेर साहेबांनी तणाव, माणुसकी आणि तंत्रज्ञान यांवर छोटंसं भाषण केलं आणि अश्विननं बटण दाबलं.

टीव्हीवर लालेलाल झालं. पट्ट्याच्या या बाजूला लाल, त्या बाजूला लाल, मध्ये हातवारे करणारे आहेर साहेब लाल. मोहिनी मॅडमनी भुवया उंचावल्या, तशी त्यांच्याही भोवती पिवळा चौकोन आला.

"एक... एक हिरवा आहे!" अश्विन ओरडला. "तिकडं वर, कोपऱ्यात. आठी नाही, चेहरा एकदम प्रसन्न. फक्त नाडी सापडत नाहीये."

"ते आमचे संस्थापक," आहेर साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली."

सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. फ्रेमला ताजा हार घातला होता, आणि संस्थापक हसत होते.

"साहेब," भागीबाई पट्ट्यापाशी उभ्या राहूनच म्हणाल्या, "तुमच्या मशिनीच्या मनासारखा माणूस आख्ख्या कारखान्यात एकच हाय, आन् तो हारात हाय. द्या त्यांना टोपी."

आधी संजना फिसकन हसली, मग सगळी लाइन. मोहिनी मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. आता आपलं काही खरं नाही हे आहेर साहेबांनी ओळखलं. पण बुडत्यालाही सुचतं कधी कधी. त्यांनी लॅपटॉपवर नजर टाकली आणि एकदम चेहरा पालटला.

"मॅडम, हेच तर दाखवायचं होतं! ह्या भागीबाई बघा. आठवडाभर सतत लाल. आणि यांच्या जुड्यांत खोट? एकही नाही! एवढ्या भयंकर तणावात असं काम करणारी बाई आमच्या मशीननं शोधून काढली. यांनाच आम्ही लीडर करतोय."

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी पिवळी टोपी उचलली. "अतितणाव धीरानं सोसल्याबद्दल, श्रीमती भागीबाई भोये!"

टाळ्या पडल्या. भागीबाई पुढं आल्या. त्यांनी निळी टोपी काढली, मान खाली घातली, आणि पिवळी टोपी केसांना टेकणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा घातला.

"थांबा. कारण बदला."

"काय?"

"मला तणाव नव्हता. मी कायबी सोसलं नाय. कपाळावर माझ्या गोंदण हाय, तुमच्या मशिनीला ते वाचता येत नाय. काम चांगलं करते म्हणून देत असाल तर द्या. नायतर ऱ्हाऊ द्या."

"भागीबाई, टोपी मिळतेय ना?" साहेब दात न उघडता म्हणाले. "कारणाशी काय करायचंय?"

"मलाच करायचंय. डोकं माझं हाय."

हर्षालीनं डोळे मिटून घेतले. हातातोंडाशी आलेला घास असा भिरकावून देणारी बाई तिनं पाहिली नव्हती.

"आणि या बाकीच्या?" मोहिनी मॅडमनी विचारलं. "यांच्या कपाळावर?"

"त्यांचं पेन्शिलीनं काढलंय. मीच काढलं. पण पाठ त्यांची खरीच दुखते. पट्टा लय पळतो. ते सांगायला कॅमेरा कशाला पायजे, इचारलं तरी सांगतील."

मोहिनी मॅडम अश्विनकडं वळल्या. "मग तुमच्या मशीनला नक्की काय कळतं?"

अश्विन प्रामाणिक मुलगा होता. "सध्या तरी रेघा," तो म्हणाला.

मोहिनी मॅडम टोपीकडं बघत उभ्या होत्या आणि आहेर साहेब मोहिनी मॅडमकडं. शेवटी साहेबांनी घसा साफ केला आणि औषध पिताना करतात तसं तोंड करून ते म्हणाले, "भागीबाई भोये काम चांगलं करतात, म्हणून."

मग भागीबाईंनी मान खाली घातली. टोपी जराशी सैल होती, पण त्यांनी ती नीट मागं सारून घातली, म्हणजे कपाळ मोकळं राहावं.

पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसनं मशीन दुरुस्त केलं. कपाळावर कायमच्या रेघा असतील तर त्या मोजायच्या नाहीत, एवढंच सांगायचं होतं. पण या मशीनचं थोडक्यात भागत नसे. त्यानं असा बोध घेतला की रेघावालं कपाळ म्हणजे शांत कपाळ. नेमक्या त्याच दिवशी सविता आली नाही, वायरींची खोकी चुकीची आली, दोन पाट्या मोडल्या, आणि आहेर साहेबांचे मोहिनी मॅडमना काय उत्तर देऊ म्हणून सारखे फोन. पट्ट्याचा वेग कमी करायची गोष्ट विचाराधीन होती, म्हणजे पट्टा तसाच पळत होता. भागीबाईंच्या कानशिलांत ठणके मारायला लागले. त्या तशाच केबिनमध्ये गेल्या.

"मॅडम, बघा बरं. आता मात्र मी लाल झाली असंन."

चैताली मॅडमनी स्क्रीन पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. "हिरव्या आहात, मावशी. खाली लिहिलंय, अत्यंत शांत. नियमानं तुम्हाला बसवता येणार नाही."

भागीबाई पट्ट्यापाशी परत गेल्या. पिवळ्या टोपीबरोबर पट्टा थांबवायचा अधिकार येतो. सुशीलाताईनं तो एवढ्या वर्षांत एकदाही वापरला नव्हता, त्यामुळं बटणावर धूळ बसली होती. भागीबाईंनी ती अंगठ्यानं पुसली आणि बटण दाबलं. पट्टा थांबला. इतकं शांत झालं की पंख्यांची घरघर ऐकू आली. त्यांनी एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसल्या.

"बसा गं समद्या," त्या म्हणाल्या. बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मिळेल त्यावर बसल्या. चैताली मॅडमही आल्या आणि उभ्याच राहिल्या, मग त्याही बसल्या.

आहेर साहेब धावत आले. "पट्टा कुणी थांबवला? काय झालंय? स्क्रीनवर एकसुद्धा लाल नाहीये!"

"मी दमलेय, साहेब," भागीबाई म्हणाल्या. "हे मी सांगतेय. तोंड हाय मला."

"अहो, पण स्क्रीनवर सगळं हिरवं आहे!"

"मग स्क्रीनला उभं ऱ्हाऊ द्या," भागीबाई म्हणाल्या. "आम्ही बसलोय."